पंचेचाळीस हजारांत लॅपटॉप : विहीर केवढी, मोटर केवढी?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कवठेमहांकाळहून रोज एसटीनं येणं-जाणं, बजेट ४५ हजार. दुकानात दोन लॅपटॉप दाखवले. पहिला १५.६ इंची, आय५-१२४५०एच प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४२ वॅट-अवरची बॅटरी. दुसरा १४ इंची, आय५-१२३५यू, १६ जीबी रॅम, ५० वॅट-अवरची बॅटरी. किंमत जवळजवळ सारखी. दुकानदार म्हणतो, पहिला घ्या, फास्ट आहे. मुलगी म्हणते, कॉलेजात चार्जिंगला पॉइंट मिळत नाही. आणि तुम्ही विचारताय की बॅटरी बघायची का स्पीड बघायचा.

मी सांगलीच्या विश्रामबागेत अठरा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतोय. नवीन लॅपटॉप विकत नाही. त्यामुळं खोक्यातून निघालेला लॅपटॉप माझ्याकडं फारसा येत नाही, येतो तो दोन-तीन वर्षं वापरून झालेला. त्या टेबलावरून जे दिसतं तेच सांगतो.

बॅटरी की स्पीड, असं तोलायला बसलं की उत्तर सापडत नाही, कारण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो. पूर्ण प्रश्न असा: मुलगी दिवसातले किती तास पॉइंटपासून लांब असते, त्या तासांत लॅपटॉपवर नेमकं काय करते, आणि हेच काम शेवटच्या वर्षाला, बॅटरी थकल्यावरही निभेल का? या तीन गोष्टी ठरल्या की निम्मी निवड आपोआप होते.

तुमची द्राक्षबाग आहे असं लिहिलंय, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. बॅटरीवर जो वॅट-अवरचा आकडा असतो ते विहिरीतलं पाणी. लॅपटॉप चालताना जे वॅट ओढतो तो मोटरचा उपसा. पाण्याला उपशानं भागलं की तास निघतात. ५० वॅट-अवरची बॅटरी आणि सरासरी ८ वॅटचा उपसा, म्हणजे सव्वासहा तास. तीच बॅटरी २५ वॅटनं उपसली तर दोन तासांत तळ दिसतो. खोक्यावरच्या ‘१० तासांपर्यंत’ या आकड्याकडं बघू नका. तो अनेकदा ब्राइटनेस कमी ठेवून, लॅपटॉपमध्येच साठवलेला व्हिडिओ सलग चालवून काढलेला असतो. व्हिडिओ दाखवायला प्रोसेसरमध्ये वेगळा भाग असतो आणि तो अगदी थोड्या विजेत काम करतो. मुलगी कोड लिहिणार, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडणार, मध्येच ऑनलाइन मीटिंगला बसणार. त्या कामाचा उपसा वेगळा.

उपसा किती, हे बघायला माझ्याकडं एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं. त्यात बॅटरीतून या क्षणाला किती वॅट जातायत ते दिसतं. बजेटमधला यू प्रोसेसरचा १४ इंची लॅपटॉप नुसता उघडा ठेवला की चार-पाच वॅट दाखवतो. वर्ड आणि ब्राउझर चालू केलं की सात ते नऊ. व्हिडिओ मीटिंगला बारा-चौदा. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेला कोड चालण्याजोगा करायला लावला की आकडा एकदम तीसच्या पुढं उडी मारतो आणि काम संपलं की परत खाली येतो. हे माझ्या टेबलावरचे आकडे आहेत, मॉडेलप्रमाणं थोडे इकडंतिकडं होतील.

आता दुकानदाराच्या ‘फास्ट’ शब्दाकडं येऊ. नावाच्या शेवटी ‘एच’ म्हणजे ४५ वॅट धरून बनवलेला प्रोसेसर, ‘यू’ म्हणजे १५ वॅट धरून बनवलेला. १२४५०एच मध्ये चार मोठे आणि चार छोटे कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग आहेत, १२३५यू मध्ये दोन मोठे आणि आठ छोटे. सगळे कोर एकदम कामाला लागले तर एच पुढं जातो, यात वाद नाही. पण एका कोरचा कमाल वेग दोघांचा सारखाच आहे, ४.४ गिगाहर्ट्झ. फाईल उघडणं, टॅब बदलणं, कोड टाईप करणं ही कामं एक-दोन कोरच करतात. त्यात हा फरक मुलीला जाणवणारसुद्धा नाही. आणि एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही: आतल्या ग्राफिक्सच्या, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र उभं करणाऱ्या भागाच्या बाबतीत यू वालाच मोठा आहे. त्यात ८० एक्झिक्युशन युनिट, एच मध्ये ४८. फक्त त्याचा पूर्ण फायदा मिळायला रॅम दोन चॅनलवर, म्हणजे एकदम दोन वाटांनी चाललेली हवी.

जास्त वेगाला जास्त वीज लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती किती जास्त लागते याचा अंदाज नसतो. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. समजा वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवावं लागलं, तर खर्च १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. वेगातला शेवटचा तुकडा सगळ्यात महाग पडतो तो असा.

एचच्या बाजूनंही बोललं पाहिजे. एच चिप रिकामी असताना फार वीज खाते असं नाही. शिवाय छोटं काम झटकन उरकून ती लवकर झोपते, त्यामुळं ४५ आणि १५ या आकड्यांवरून तिप्पट खर्च होईल असं समजू नका. विंडोजमध्ये पॉवर मोड बचतीवर ठेवला तर ती बऱ्यापैकी आवरते. खरा खड्डा पडतो तो वेगळ्या ग्राफिक्स कार्डामुळं.

तासगावचा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात असाच लॅपटॉप घेऊन आला होता. चार महिन्यांचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. म्हणाला, “काका, बॅटरी डिफेक्टिव्ह निघाली, दोन तासपण टिकत नाही.” बॅटरी रिपोर्ट काढला तर बॅटरी ठणठणीत, मूळ क्षमतेच्या अगदी जवळ. मग चार्जर काढून नुसती एक पीडीएफ उघडी ठेवली आणि आकडा बघत बसलो: १९ वॅट. एक पान वाचायला १९ वॅट! शोधलं तर हलता वॉलपेपर दाखवणारं एक ॲप ग्राफिक्स कार्डाला झोपूच देत नव्हतं, आणि स्क्रीन १४४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलत होती. ॲप काढलं, स्क्रीन ६० वर आणली, ब्राइटनेस निम्म्यावर. आकडा हळूहळू उतरत नऊवर येऊन थांबला. एक रुपयाचाही पार्ट न बदलता त्याचे तास दुप्पट झाले. तो पोरगा स्क्रीनकडं बघतच राहिला.

म्हणजे बॅटरी किती टिकते हे नुसतं बॅटरीवर नसतं, ते उपशावर असतं. आणि उपसा थोडा आपल्या हातात असतो, बाकीचा लॅपटॉप निवडतानाच ठरून गेलेला असतो.

आता तुमच्या मुलीचा दिवस मांडू. सकाळी सातला घर सोडते, संध्याकाळी सातला परत. एसटीत सव्वा-दीड तास जातो, पण गाडी हलत असताना कुणी कोड लिहीत नाही, फार तर एखादं लेक्चर बघेल. वर्ग, लायब्ररी, मैत्रिणींबरोबर प्रोजेक्ट असं धरून स्क्रीन चालू असलेले खरे तास चार ते पाच होतील. पाच तास, सरासरी ८ वॅट: ४० वॅट-अवर पाणी रोज लागणार.

४२ वॅट-अवरच्या बॅटरीत ४० बसतात असं वाटेल. पण पहिल्या लॅपटॉपची स्क्रीन मोठी, चिप मोठी. तेच काम तो दहा-बारा वॅटवर करेल. १२ धरले तर साडेतीन तास. शिवाय लिथियम बॅटरी दर वर्षी थोडी झिजते. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते, आणि रोज वापरणाऱ्याला तिथं पोचायला दीड-दोन वर्षं पुरतात. तेव्हा ४२ चे सुमारे ३४ होतील आणि पहिला लॅपटॉप पावणेतीन तासांत बंद पडेल. दुसऱ्याच्या ५० चे ४० होतील, म्हणजे ८ वॅटनं अजूनही पाच तास. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टची धांदल असेल तेव्हाही तो तिचा दिवस काढेल. माझं मत म्हणूनच दुसऱ्याच्या बाजूनं आहे. बॅटरी पहिल्या दिवसाच्या नव्हे, शेवटच्या वर्षाच्या हिशोबानं मोजावी.

पण खरं सांगू का, दोन्ही बॅटऱ्या सारख्या असत्या तरी मी दुसराच घ्या म्हटलं असतं, कारण १६ जीबी रॅम. माझ्याकडं ‘स्लो झालाय’ म्हणून जे लॅपटॉप येतात त्यातल्या बहुतेकांत प्रोसेसर कमी पडलेला नसतो, रॅम संपलेली असते. विंडोज ११ आणि ब्राउझरच ८ जीबीतला मोठा वाटा खातात. त्यावर फोनचं ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा नकली फोन, चालवला की लॅपटॉप घुसमटतो. रॅम संपली की विंडोज एसएसडीचा, म्हणजे फाईली साठवायच्या जागेचा, रॅमसारखा वापर करायला लागतं. कामही रेंगाळतं आणि तेवढा वेळ उपसाही चालू राहतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलीसाठी परफॉर्मन्स म्हणजे आधी रॅम, मग प्रोसेसर. आणि ॲप बनवायची वेळ आली की एम्युलेटरऐवजी स्वतःचा फोन केबलनं जोडून त्यावरच ॲप तपासायला सांगा. कॉम्प्युटरवरचा केवढा तरी भार हलका होतो.

रॅम वाढवता येते का हेही विचारा. काही लॅपटॉपात ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू हा बजेटमध्ये खूप दिसणारा प्रोसेसर घ्या: त्याला लागणारी एलपीडीडीआर५ रॅम बोर्डावरच बसवलेली असते, ८ जीबीचा घेतला तर कायमचा ८ जीबीचा. त्या नावात अजून एक फसगत आहे. सुरुवातीचा ७ बघून लोकांना नवीन पिढी वाटते, पण रायझनच्या ७००० मालिकेत आतलं डिझाईन तिसऱ्या आकड्यावरून कळतं. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ते डिझाईन २०१९ सालचं. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. ७५२०यू बॅटरीला चांगला आहे, साध्या कामाला चालतो, पण चारच कोर आहेत. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांसाठी मी तो घेणार नाही.

पहिला लॅपटॉप कुणी घ्यावा? मुलगी होस्टेलवर असती, टेबलाशेजारी पॉइंट असता, तासन्‌तास व्हिडिओ एडिटिंग किंवा मेकॅनिकल-सिव्हिलची थ्रीडी मॉडेलं असती, तर मी एच प्रोसेसर सुचवला असता, जमलं तर वेगळ्या ग्राफिक्ससह आणि रॅम १६ करून. मात्र असे लॅपटॉप पूर्ण ताकद चार्जरवरच दाखवतात. बॅटरी एका वेळी तेवढी वीज देऊ शकत नाही म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच वेग आवरतो. ज्या मुलीला पॉइंटच मिळत नाही तिनं तो वेग विकत घेऊन वापरायचा कुठं?

आता टाइप-सी. दुसऱ्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे असं तुम्ही लिहिलंय, पण त्यातून चार्जिंग होतं का हे दुकानात समक्ष बघा. नुसतं पोर्ट असून भागत नाही, त्यात पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी हवी. ६५ वॅटचा पीडी चार्जर जोडायला लावा आणि चार्जिंगची खूण येते का बघा. येत असेल तर मोठा आधार आहे. २०,००० एमएएचची पीडी पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशोबानं ७४ वॅट-अवर. वाटेत थोडं वाया जातं, तरी एकदा पूर्ण चार्ज होण्याएवढं पाणी पिशवीत राहतं. पॉवर बँक निदान ४५ वॅट, शक्यतो ६५ वॅट देणारी हवी. मोबाईलवाली साधी चालणार नाही. परीक्षेच्या किंवा सबमिशनच्या दिवसांपुरती ती नेली तरी पुरे.

वॅट-अवरची किंमत मला २०१९ च्या महापुरात कळली. बहिणीचं घर गावभागात, तिकडं लाईट नव्हती. माळ्यावर बसून तिनं भाच्याच्या लॅपटॉपवरून फोन चार्ज केले. ४,००० एमएएचचा फोन म्हणजे सुमारे १५ वॅट-अवर. लॅपटॉपची स्क्रीन बंद ठेवून त्यांनी तीन वेळा फोन भरून घेतला आणि आमच्याशी बोलत राहिले. त्यानंतर मी गिऱ्हाइकाला बॅटरीचे तास सांगणं सोडलं, वॅट-अवरच सांगतो.

तुमच्याकडं लाईट येऊन-जाऊन असते म्हणून हेही सांगतो. चांगली बॅटरी घरात यूपीएसचंच काम करते. लाईट गेली तरी काम चालू राहतं. पण लाईट परत येते त्या झटक्यात व्होल्टेज उसळतं आणि चार्जर, कधी बोर्डही जातो. लाईट गेली की चार्जरची पिन काढायची, आल्यावर पाचेक मिनिटांनी लावायची. आणि वायफायचा राऊटर बंद पडला की फोनचा हॉटस्पॉट लावण्यापेक्षा फोन केबलनं जोडून नेट घ्या. फक्त तेव्हा फोन लॅपटॉपच्या बॅटरीतून चार्ज होतो, तेवढं लक्षात ठेवा.

बॅटरीला सगळ्यात जास्त मारतात दोन गोष्टी: गरमी, आणि कायम १०० टक्क्यांवर राहणं. मे महिन्यात गादीवर ठेवून, चार्जर लावूनच वापरलेले लॅपटॉप माझ्याकडं येतात तेव्हा टचपॅड वर आलेला असतो, क्लिक होत नाही. लोक टचपॅड बदला म्हणतात. खालचं झाकण उघडलं की बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसते. तशी बॅटरी दिसली की त्या क्षणी वापर बंद करायचा, घरी टोचायची-दाबायची नाही. हे टाळायला बऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. सुट्टीत लॅपटॉप घरीच असेल तेव्हा ती चालू ठेवायची, कॉलेज सुरू झालं की बंद करून पूर्ण भरायची. आणि लॅपटॉप नेहमी कडक पाटावर किंवा टेबलावर.

कुणीतरी तुम्हाला ऑफिसातले जुने, रिफर्बिश्ड लॅपटॉप सुचवलेत. ते मजबूत असतात, कीबोर्ड चांगले असतात, मी स्वतः एक वापरतो. पण इंटेल आठव्या पिढीच्या आधीचे घेऊ नका. विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय नव्या बॅटरीचे पैसे आधीच किमतीत धरायचे. बाजारातल्या स्वस्त डुप्लिकेट बॅटरीवर आकडा मोठा छापलेला असतो, आत माल तेवढा नसतो.

तेव्हा दुसरा घ्या, पण पैसे देण्याआधी मुलीला सोबत न्या आणि तिच्याच हातानं तीन गोष्टी करवून घ्या. उजेडात, दाराजवळ उभं राहून स्क्रीन नीट दिसते का बघायचं. कीबोर्डवर अर्धं पान टाईप करायचं. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला लागूनच बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाईप करायचं. एक फाईल तयार होते. तिच्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, मिलिवॅट-अवरमध्ये. ५० वॅट-अवरच्या बॅटरीला पहिला ५०,००० च्या आसपास दिसेल. नव्या लॅपटॉपात दुसरा त्याच्या जवळच असतो, कधी थोडा वरही. तो ४५,००० च्या खाली असेल, किंवा सायकल काउंट, म्हणजे आधी झालेल्या पूर्ण चार्जिंगचा आकडा, पन्नास-साठ दाखवत असेल, तर तो पीस ठेवून दुसरा खोका फोडायला सांगा. त्या फाईलचा फोटो बिलासोबत जपून ठेवा. वॉरंटीत बॅटरी बदलून मागायची वेळ आली तर तोच कामाला येतो.